लाल कापडातली फ्रेम

लेक केस सरळ करायला बसली आणि जळक्या केसांचा वास सुटला, की मला मंडईजवळचं ते पूजासाहित्याचं दुकान आठवतं. ताईच्या धायरीतल्या नव्या फ्लॅटला दृष्ट लागू नये म्हणून आम्ही दारावर लावायचं इंद्रजाल घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने उदबत्त्यांच्या ढिगामागून पंख्यासारखी काळी जाळी काढली, तीही रस्त्याकडे बघत बघत. "समुद्रातली मुळी आहे," तो म्हणाला. मी तेव्हा वकिली शिकत होते. मला शंका आली. "मग एक काडी जाळून दाखवा." "अहो, घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या!" मीच खाली पडलेला तुकडा उचलून निरांजनावर धरला. लाकडाचा नाही, केस जळल्याचा वास आला. "ताई, मुळी कसली, हा समुद्रातला प्राणी आहे, काळं प्रवाळ. वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे याला. घरात नुसता ठेवला तरी तुरुंग." ताई रिकाम्या हाताने बाहेर पडली. वास्तुशांतीला गेले, तर तिच्या दारावर लाल कापडात गुंडाळलेली एक फ्रेम होती. "सासूबाईंचा फोटो आहे," ती म्हणाली. सासूबाई समोरच चहा पीत बसल्या होत्या. आजही त्या घरात शिरताना मी आधी वर बघते, आणि ताई माझ्याकडे.