मावशींचे प्रश्न मी खोडले

जुनी माणसं ग्रुपवर गप्प का होतात, याची आमच्याकडे ठरलेली सबब आहे: त्यांना वेळ नसतो. खोटं आहे. आमच्या कुत्री पाळणाऱ्यांच्या ग्रुपमधली सगळ्यात जाणती बाई निवृत्त होती, तिच्याकडे वेळच वेळ होता. तिला आम्ही घालवलं. आम्ही म्हणजे जास्त करून मी.

ग्रुप मी जामखेडात काढला. आमच्या गल्लीत कुणीतरी भटक्या कुत्र्यांना विष घातलं, त्याविरुद्ध मी पत्रक छापलं आणि खाली माझा नंबर दिला. फोन आले, पण विषाबद्दल नाही. कुत्रं खात नाही, कुत्रं लंगडतंय, पिल्लाला जुलाब लागलेत. मला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांना एकत्र केलं. बघता बघता जिल्हाभरातून माणसं आली. राजूरच्या मावशी अशाच आल्या, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या. गुरांच्या सरकारी दवाखान्यात परिचर म्हणून उभी नोकरी केलेल्या. डॉक्टर फिरतीवर असले की दारात आलेलं जनावर धरायचं, धुवायचं, मलमपट्टी करायची, ती त्यांनीच.

मावशी टाइप करत नसत, आवाज पाठवत. मागे फोडणी तडतडायची, मध्येच शेळीला दटावणं चालायचं. आणि उपाय कधी लगेच सांगत नसत. आधी प्रश्न. केवढं हाय? खातंय काय? अंगावर जखम हाय का? घरात मांजर हाय का? याची उत्तरं मिळाली की मगच औषधाचं नाव. नव्या लोकांना तेवढा दम नसे. एकाने लिहिलं, "मावशी, कुत्र्याचं विचारतोय, जनगणना नाय चालू." दुसऱ्याने कुठलासा परदेशी व्हिडिओ टाकून त्यांचं चुकतंय म्हणून सांगितलं. मावशी भांडल्या नाहीत. पुढच्या माणसाला पुन्हा तेच: केवढं हाय?

पत्रक लिहायला मी ज्या संघटनेचं काम करते तिथे शिकले. माझं पहिलं पत्रक एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने लाल रेघा मारून परत दिलं होतं. पत्रकात विचारायचं नाही, सांगायचं, असं ते म्हणाले. एसटी सुटता सुटता माणूस खिडकीतून हात काढून कागद घेतो, त्याला एका नजरेत कळलं पाहिजे. हा धडा मी इमानाने पाळत आले.

तोच धडा मी मावशींवर चालवला. सलग दोन रविवार बसून त्यांचे सगळे आवाज ऐकले आणि दोन पानी पत्रक केलं. प्रश्न गाळले, उपाय ठेवले. गोचीड झाले, तर जनावरांचं अमुक औषध, इतक्या पाण्यात, अंगभर लावा. खाली ठळक अक्षरात, 'मार्गदर्शन: राजूरच्या अनुभवी मावशी.' ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. मावशींनी नुसते जोडलेले हात पाठवले. मला वाटलं, आभार मानताहेत.

त्यानंतर कुणी काही विचारलं की चार जण एकाच दमात लिहीत, 'पत्रक बघा.' मावशींचे आवाज कमी होत गेले आणि मग थांबले. हिवरे बाजारचे एक दूधवाले काका मोडलेल्या पायाचं छान सांगायचे, तेही गप्प झाले. मी मात्र खूष होते. तेच तेच प्रश्न संपले म्हणून.

आमच्याच भागातला एक ऊसतोड मजूर हंगामाला कारखान्यावर गेला होता. तिथल्या पाचटाच्या कोपीत दोन पिल्लं होती, गोचिडांनी भरलेली. एके दिवशी त्याने ग्रुपवर लिहिलं, 'कागदात सांगितल्याप्रमाणे केलं. एक पिल्लू गेलं.' त्याखाली रडके चेहरे आले. एकाने जात कुठली ते विचारलं, म्हणजे कुत्र्याची. आणि एकाने लिहिलं, 'मावशींचाच उपाय ना तो?' कुणी नाही म्हटलं नाही. मीही नाही. मी लिहिलं, 'अत्यंत दुर्दैवी.' साहेब लोकांच्या खुलाशात हा शब्द दिसला की मी त्यावर अख्खं पत्रक काढते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघाले, नगरला गाडी बदलली, संगमनेरला बदलली, दुपारी राजूरला पोचले. हेतू साफ नव्हता. मावशी ग्रुपवर परत बोलल्या असत्या तर त्यांच्यावरचं किटाळ आपोआप गेलं असतं, आणि मला तोंड उघडावं लागलं नसतं.

मावशी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. पिल्लाचं त्यांना कळलेलं होतं. मी म्हटलं, परत बोला ग्रुपवर, लोक तुमचं ऐकतात.

"ऐकत्यात कुठं? कागद दावत्यात," त्या म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवून त्यांनी मला विचारलं, "पिल्लू केवढं हुतं?"

मला माहीत नव्हतं.

"पुसलं का कोनी तेला?"

नाही म्हटलं.

"माझं नाव खाली टाकलंस, तेचं काय न्हाई बाई. पर मी इचारलेलं वर टाकायचं हुतंस."

त्यांनी त्या माणसाचा नंबर मागितला आणि तिथल्या तिथे फोन लावला. प्रश्न सुरू झाले. तो भडाभडा बोलायला लागला; दोन दिवसांत त्याला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. पिल्लं महिन्याचीही नव्हती. दुसऱ्यालाही तेच औषध लावलं होतं आणि ते थरथरत होतं. मावशींनी सांगितलं, आता फोन ठेव, साबणपाण्यानं अंग धू, कोरडं कर, उबेला ठेव, चाटू देऊ नको. आणि आजच्या आज डॉक्टरकडं ने, औषधाची बाटली संगं ने.

फोन ठेवल्यावर मी पुन्हा ग्रुपचं काढलं. त्या म्हणाल्या, ज्याला इचारायचंय तेला माझा नंबर दे. मग ग्रुपमध्ये तरी कशाला राहता, सोडून टाका, असं मी जरा चिडूनच म्हटलं.

"सोडला की कारन इचारत्यात," मावशी म्हणाल्या. "तेवढं बरं इचारत्यात."

परतताना संगमनेरच्या स्टँडवर बसून मी ग्रुपवरून पत्रक काढून टाकलं. लिहिलं, की प्रश्न मावशींचे होते, खोडले मी, आणि पिल्लू त्यामुळे गेलं. दहा मिनिटांत पहिलं उत्तर आलं: 'ओके ताई. नवीन पत्रक कधी टाकताय?'

दुसरं पिल्लू वाचलं, हे मला मावशींकडून कळलं. ग्रुपला ते अजून माहीत नाही. त्या माणसाने फोन करून फक्त मावशींना सांगितलं.