काळी दोनमधली ताई

पेटीवर काळी एक आणि काळी दोन या लागून असलेल्या पट्ट्या. दोहोंमधले अंतर एका स्वराचे. ऐकणाऱ्याला ते फारसे जाणवत नाही. गाणाऱ्याला मात्र वरच्या सा वर पोचताना ते पुरेपूर जाणवते. शाळेत प्रार्थनेची पेटी वाजवत असल्यामुळे हे मला पुस्तकी अर्थाने माहीत होते. खऱ्या अर्थाने कळले ते आईमुळे.

आई उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये राहत असे. मी लग्नानंतर बदलापूरला हेंद्रेपाड्यात आले होते आणि अंबरनाथच्या एका शाळेत शिकवत होते. आईच्या वस्तीतल्या बुद्धविहारात बायकांचे मंडळ होते. दरवर्षी जयंतीच्या आधी एका गायिकेची जयंतीच्या गाण्यांची नवी कॅसेट बाजारात येई. तिला साऱ्या जणी नुसते ‘ताई’ म्हणत, जणू ती पलीकडच्याच ब्लॉकमध्ये राहते. कॅसेट उघडण्याचीही एक रीत होती. मूर्तीपुढे मेणबत्ती लावायची, वेष्टन सर्वांत वयस्कर बाईने काढायचे आणि पहिले गाणे संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही. मग आईच्या टेपरेकॉर्डरवर तालमी सुरू होत. तो टेपरेकॉर्डर वडिलांनी कॅम्पातल्याच एका गाळ्यात सुटे भाग जोडून करून घेतला होता. आई पुढे म्हणे, बाकीच्या मागे झील ओढत. ताईचा आवाज उंच, पातळ आणि लखलखीत होता. त्या उंचीवर आई जशीच्या तशी जाई, आणि लहानपणी मला वाटे की ताई आईसारखी गाते.

मग ताईच्या कॅसेटी येणे बंद झाले. कोणी म्हणे आजारी आहे, कोणी म्हणे परदेशी गेली. बायका जुनीच गाणी म्हणत राहिल्या. अशाच एका जयंतीला, ताईच्या सर्वांत लाडक्या गाण्यात, शेवटच्या कडव्याच्या टोकाला आईचा आवाज फुटला. झीलकरणींनी सावरून घेतले; ऐकणाऱ्यांना कळलेही नसेल. पुढच्या तालमीला आई झांज घेऊन शेवटच्या रांगेत बसली. “गळा गेला माझा,” एवढेच ती म्हणाली. घरातही ती गुणगुणेनाशी झाली. भाकऱ्या थापताना तिच्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

दोन-तीन वर्षांनी ताईचा नवा अल्बम आला, तोही सीडीवर. विहारात कोणाचा तरी सीडी प्लेअर मागवला गेला. त्या रविवारी मीही तिथे होते. मेणबत्ती लागली, वेष्टन निघाले. अल्बममध्ये पहिलेच गाणे ते लाडके गाणे होते, ताईने नव्याने गायलेले. आवाज भरीव होता, खालचा, थोडा खरखरीत. गाणे संपेपर्यंत न बोलण्याची रीत त्या दिवशी पहिल्यांदा मोडली.

“अगं, ही ताई नाहीच. ताईची थोरली जाऊ असेल.”

“घसा बसलाय हिचा. काढा द्या कोणीतरी.”

“दिदी, मैं तो समझी कोई आदमी गा रहा है,” दारात उभी असलेली आईची सिंधी शेजारीण म्हणाली आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या.

मंडळातली एक कॉलेजात जाणारी मुलगी चिडली. “मावशी, तुम्हाला फक्त किंचाळलेलं आवडतं. किती फील आहे या आवाजात!”

“फील राहू दे तुझ्याकडे. आम्हाला आमची ताई पायजे.”

 घरी येताना आई म्हणाली, “तिचाही गेला बघ.” त्या सुरात दुःख किती आणि सोबत मिळाल्याचा दिलासा किती, हे मला ठरवता आले नाही.

एक गोष्ट मला खटकली. बदलापूरला माझ्या शेजारणीही ताईच्या भक्त. नवा अल्बम ऐकून त्यांनीही नाके मुरडली, पण थोडीशीच. “जरा जडावलाय आवाज,” इतकेच. एकाच आवाजाबद्दल कॅम्प चारमध्ये एवढे दुःख आणि हेंद्रेपाड्यात एवढेसे का? विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की दोन मोजमापांत फरक आला, तर आधी मोजपट्टी तपासावी.

आईकडची जुनी कॅसेट मी शाळेत नेली. मधल्या सुटीत शाळेच्या टेपरेकॉर्डरवर लावली आणि पेटीवर सूर शोधला. ताई काळी एकमध्ये गात होती. गाणेही ऐकण्यात होते त्यापेक्षा संथ चालले होते. नव्या अल्बममध्ये ती पांढरी एकमध्ये होती, म्हणजे फक्त अर्धा स्वर खाली. शनिवारी पेटी रिक्षात घालून कॅम्प चारला नेली आणि आईच्या टेपरेकॉर्डरवर तीच कॅसेट लावली. काळी दोन. मी पुन्हा वाजवून पाहिले. काळी दोनच. म्हणजे हेंद्रेपाड्याला ताई अर्धाच स्वर उतरलेली वाटली होती, कॅम्प चारला दीड.

वडिलांनी जोडून घेतलेले ते यंत्र पहिल्या दिवसापासून जलद फिरत होते. फीत जलद फिरली की सूर चढतो. जयंतीच्या लाऊडस्पीकरच्या गलबल्यात पट्टी कोण तपासणार? आमच्या मंडळाने ताई ऐकली, शिकली, आपलीशी केली ती याच यंत्रावर. ज्या उंचीवर आई आयुष्यभर चढत राहिली, तिथे ताई स्वतः कधी गेलीच नव्हती.

मी पेटीवर दोन्ही पट्ट्या वाजवून आईला समजावून दिले. ती आधी खूप हसली. “म्हणजे तुझ्या बापाच्या मशीननं मला पळवलं होय!” मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “बाय, मग मी एवढी वर्षं कोणाच्या मागं धावत होते?”

“तुझा गळा गेलेला नाही, आई. तू खाली गाऊन तर बघ.”

तिने तेच गाणे पांढरी एकमध्ये धरले. आवाज फुटला नाही. शेवटच्या कडव्याच्या टोकावर तो सहज जाऊन टेकला.

त्या जयंतीला आई पुन्हा पुढे बसली. झीलकरणींना खालची पट्टी इतकी सोपी गेली की त्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. “वैनी, आधीच सांगायचं ना, आमचे गळे सोलून निघाले,” असे एकीने सुनावलेही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत येताना मी आईला विचारले, बरे वाटले ना?

“बरं वाटलं,” ती म्हणाली. थोडे चालल्यावर पुढे म्हणाली, “पण वर गेल्यावर कसं व्हायचं, माहितीये? अंग हलकं व्हायचं. खाली तसं होत नाही.”

टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेऊ, असे मी सुचवले. तिने हात लावू दिला नाही. “राहू दे तसाच. त्यात आहे ती माझी ताई.” त्यानंतर ती विहारात खालच्या पट्टीत गाई, आणि घरी दुपारी एकटी असली की तो टेपरेकॉर्डर लावून नुसती ऐकत बसे.

आई गेल्यावर मी तो हेंद्रेपाड्याला आणला. आईच्या आवाजाची एकही फीत आमच्याकडे नाही. ताईचा आवाज विकत मिळतो, आईचा रोजचा होता. रोजचे कोण टिपून ठेवते? मला तो ऐकावासा वाटला की मी ती जुनी कॅसेट लावते, कारण काळी दोनमधली ती उंच, पातळ ताई ऐकू आली की तिच्या जोडीने आई ऐकू येते.

पण आतला रबरी पट्टा आता सैल पडत चालला आहे. फीत दर वर्षी थोडी संथ फिरते आणि आवाज खाली येतो. परवा मी पेटी काढून पाहिले. ताई काळी एकवर आली आहे. हीच तिची खरी पट्टी. शिक्षिका म्हणून मला समाधान वाटायला हवे. मी मात्र पेटीवर काळी दोन दाबून धरली आणि गाणे संपेपर्यंत तिथेच बोट ठेवून बसले.