यांचा कॉम्प्रेसर आणि टँकरचं चाक

आमच्या यांनी जुनी जीप घेतली तेव्हा मी काही बोलले नाही. पण जीपपाठोपाठ चाकात हवा भरायचा कॉम्प्रेसर घरात आला, तेव्हा मात्र बोलले. डब्याएवढं यंत्र, बॅटरीला लावायचे दोन चिमटे, आणि आवाज असा की शेजारचं कुत्रं घरात पळायचं. रविवारी हे मित्रांबरोबर डोंगरातल्या वाटा तुडवायला जायचे. वाळूत, दगडगोट्यांत शिरताना चाकांतली हवा कमी करायची आणि डांबरी रस्त्याला लागलं की परत भरायची, असा यांचा कार्यक्रम. "काढायची आणि परत भरायची, त्यापेक्षा घरी बसा की," असं मी म्हणायचे. हे हसायचे. माझं निम्मं बोलणं यांनी असं हसण्यावारी नेलं म्हणून आमचा संसार झाला.

पुंडलिकनगरातलं भाड्याचं घर सोडून आम्ही चिकलठाण्याच्या पुढं प्लॉटवर घर बांधलं, ते दुष्काळाचे दिवस होते. शहर त्या बाजूला धावत सुटलं होतं. काल ज्वारीचं रान होतं तिथं आज आखणीचे दगड, उद्या स्लॅब. पाण्याची पाइपलाइन तेवढी आमच्याकडे धावत नव्हती. जिकडेतिकडे बांधकामं, त्यामुळे रस्ताभर सेंट्रिंगच्या फळ्यांचे खिळे, आणि रोज सकाळी कुणाचं ना कुणाचं चाक बसलेलं. "काका, जरा हवा मारता का?" म्हणत लोक फाटकाशी उभे राहायचे आणि हे हातातला चहा ठेवून बाहेर. एकदा पेंटर आला, त्याला त्यावर रंग फवारायचा होता. नंतर सुतार आला, त्याला खिळे मारायचं पिस्तूल जोडायचं होतं. हे यंत्र तेवढ्या ताकदीचं नाही, हे यांनी दोघांनाही बसवून, चहा पाजून समजावलं. चहा मी केला. त्या दिवसांत चहाचं पाणीसुद्धा माझ्या जिवावर यायचं.

पाणी टँकरचं. ट्रॅक्टरला जोडलेला टँकर ठरल्या वारी ठरल्या गल्लीत यायचा. आमची गल्ली सगळ्यांत मागची, त्यामुळे आमचा टँकर पुढच्या गल्लीतून यायचा. सुरुवातीला दोन्ही गल्ल्यांना मिळून एकच टँकर होता, तेव्हा त्या गल्लीतल्या एका वहिनींशी मी कडाकडा भांडले होते. पाइप कुणाचा आधी, एवढ्यावरून. तेव्हापासून समोरासमोर आलो तरी आम्ही एकमेकींकडे बघत नव्हतो.

त्या रविवारी लेक बाळंतपणाला आलेली होती आणि नात जेमतेम पंधरवड्याची. तिला तेल लावून झालं होतं. घरात एकच बादली उरलेली, ती प्यायला आणि स्वयंपाकाला. टँकर आला की पाणी तापवायचं, असं ठरवून मी चूल पेटवायला बसले होते. तेवढ्यात कुणीतरी ओरडत आलं, टँकरचं चाक पुढच्या गल्लीतच बसलंय.

आम्ही धावलो. जीप गॅरेजला होती, म्हणून यांनी नुसता कॉम्प्रेसर उचलला. बघतो तर गल्लीतल्या लोकांनी टँकरभोवती ड्रम लावलेले. ड्रायव्हर म्हणाला, "भरल्या टँकराला जॅक लागत नाय काका. हितंच रिकामा करतो आन् चाक काढतो. तुमचं पाणी पुढल्या खेपंला." त्याचंही चूक नव्हतं. पाणी मातीत जाण्यापेक्षा ड्रमात गेलेलं बरं. पण एकदा कॉक उघडला की ज्याचा ड्रम जवळ त्याचं पाणी, आणि आमची पुढली खेप चांगली चार-पाच दिवसांनी.

आणि त्या वहिनी पुढं झाल्या. टँकरच्या मागच्या फळीवर बसल्या आणि कॉकला पाठ लावली. त्यांचा मुलगा वैतागला, "आई, आपले ड्रम बघ की!"

"बघितले. त्यांच्या घरात बाळंतीण हाय. हवा भरंस्तोवर कुणी हात लावायचा नाय."

यांनी चिमटे ट्रॅक्टरच्या बॅटरीला लावले. चाकात खिळा दिसत होता, तो काढायचा नाही असं ठरलं, म्हणजे हवा हळूहळू जाईल. यंत्र टरटरायला लागलं. काटा मुंगीच्या चालीनं चढायचा आणि जरा चढला की यंत्र तापून बंद पडायचं. मग पेपरनं, पदरानं वारा घालायचा. कुणीतरी म्हणालं, ओलं फडकं गुंडाळा, टँकरातून तांब्याभर घ्या. वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "थेंब नाय," म्हणाल्या. ऊन वर आलं तरी हे गुडघ्यावर बसूनच होते, कानाशी तो आवाज. तेव्हा मला यांच्याबद्दल काय वाटलं ते मी यांना अजून सांगितलेलं नाही. इथं सांगते, मी फार आभारी आहे.

चाक उभं राहिलं. ट्रॅक्टर माणसाच्या चालीनं निघाला, हे नळी खांद्यावर टाकून बाजूनं. मध्ये एकदा थांबून परत हवा भरली. टँकर आमच्या गल्लीत पोचला, ड्रम भरले, पाणी तापलं. नातीनं अंघोळीत नेहमीसारखं घर डोक्यावर घेतलं आणि झोपून गेली. गल्लीतले लोक येऊन यांची पाठ थोपटत होते, हे कॉम्प्रेसरची.

दुपारी मी पाण्याचा हंडा घेऊन वहिनींकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही. हंड्यालाही हात लावला नाही.

"पोरीची अंघोळ झाली का?"

"झाली. झोपली."

"आन् तिच्या आईला पाणी?"

"आहे. पुष्कळ आहे."

मग त्यांनी हंडा घेतला. त्यांच्या गल्लीचा टँकर उद्याचा होता. ओट्यावर सगळी भांडी पालथी घातलेली होती. त्यांनी त्यातलाच एक पेला सुलटा केला, हंड्यात बुडवला आणि उभ्याउभ्या, न थांबता प्यायल्या. लगेच दुसरा बुडवला. सकाळपासून त्या तहानलेल्या होत्या, आणि तेवढा वेळ भरल्या टँकराला पाठ लावून बसल्या होत्या.