आतून गुळगुळीत केलेली नळी

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागापूरला, माझ्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. मशीन बंद केलं आणि तिथंच स्टुलावर बसून राहिलो. शाळेपासूनचा मित्र, अजून पन्नाशीही गाठली नव्हती, आणि हृदयविकाराने असा उभ्या उभ्या गेला... आज दीड महिना झाला. त्याची आठवण आली की रडू येण्याआधी मला लाज वाटते. ती का, ते सांगायलाच हे लिहितोय.

काष्टीच्या शेतकऱ्याचा हा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा आणि खनिज तेलाच्या विहिरींचं गणित मांडायचा. जमिनीखालचं काही तेल काकवीसारखं घट्ट असतं. उपसा सुरू झाला की दाब उतरतो आणि तेलात विरघळलेल्या वायूचे बुडबुडे होतात. पातळ तेलातून ते सुटून जातात. घट्ट तेलात अडकतात आणि तेलालाच पुढे ढकलतात. अशी विहीर किती तेल देईल, हे आधीच सांगता यावं म्हणून त्याची सगळी धडपड. "तेल काय आपल्या नशिबात नाही, बुडबुडे तरी मोजू," असं हसत म्हणायचा.

घट्ट तेल भरून, दाब उतरवून बुडबुडे बघायच्या प्रयोगासाठी त्याला पोलादी नळी हवी होती. "आतून खडबडीतच ठेव बरं का," म्हणाला. मी ऐकलं आणि तरीही बफिंग मारून ती आरशासारखी केली. उभ्या आयुष्यात या हातांनी खडबडीत काम कुणाला दिलं नाही, मग मित्राला कसं द्यायचं? बुडबुडा तयार व्हायला खडबडीत जागा लागते, हे मला कुठं ठाऊक! वर्षभर त्याचं गणित एक सांगायचं आणि नळी भलतंच दाखवायची. शेवटी त्याने विचारलं, "संजा, आतून पॉलिश केलं नव्हतंस ना?"

"छे रे," मी म्हणालो. का म्हणालो...

"मग माझंच चुकतंय," तो म्हणाला आणि विषय बदलला.

तेराव्यानंतर त्याच्या विद्यार्थिनीने फोन करून तेच विचारलं. तिच्यापाशी मात्र मी खरं बोलून गेलो. नळी गुळगुळीत आहे असं धरून तिने आकडे पुन्हा लावले. "काका, सरांचं गणित बरोबर होतं," असं तिने आनंदाने कळवलं. मी फोन ठेवला आणि ढसाढसा रडलो.

परवा काष्टीला जाऊन त्याच्या वडिलांना, तात्यांना, सगळं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लई उदास असायचा रं. म्हनायचा, तात्या, माजंच चुकतंय कुटंतरी..." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हंजी त्याचं चुकलं न्हवतं?"

"नव्हतं, तात्या."

मला ते एक शब्द लागट बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. उठले आणि हाताला धरून मला आतल्या खोलीत घेऊन गेले. सुट्टीत आला की विलास तिथंच लिहीत बसायचा. त्याची आई टेबल पुसत होती. दीड महिना रोज पुसतेय.

"हिला सांग," तात्या म्हणाले. "मोट्यानं सांग. तिला कमी आयकू येतं."