वर पूर्ण नाव लिहावे

गंगाखेडच्या टॉकीजसमोर आम्हा सिनेमावेड्यांचा एक फळा होता. सिनेमा बघायचा आणि त्यावर बिननावाची चिठ्ठी टोचायची. सगळ्यांत झकास चिठ्ठ्या एका सायकलवाल्याच्या. बाजारच्या दिवशी तो हळूच चिठ्ठी टोचायचा आणि समोरच्या पानपट्टीआडून वाचणाऱ्यांकडे बघत राहायचा. लोक हसले की तोही तोंडावर रुमाल धरून हसायचा. हे फक्त मला ठाऊक होतं.

फळ्याचा कारभारी मीच. एकदा मला सुधारणेचा झटका आला. चिठ्ठीखाली उत्तर टोचायला जागा केली, रंगीत टाचण्या आणल्या आणि ठळक अक्षरांत नियम लावला, 'वर पूर्ण नाव लिहावे.'

सायकलवाला नियम वाचून मला म्हणाला, "नाव लिवल्यावर बी हसतेल का वो, भाऊ?"

"अरे राजा, शिट्ट्या पडतील शिट्ट्या!" मी हात उंचावून म्हणालो.

त्यानं पुढची चिठ्ठी वर पूर्ण नाव लिहून टोचली. विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते; आडनावावरून वस्ती कळायची. लोक नावापाशीच थांबले, खालची चिठ्ठी कोणी वाचलीच नाही. उत्तर मात्र लागलं, 'आता ह्यांनी आमाला सिनेमा शिकवायचा?' अक्षर माझ्या जिवलग दोस्ताचं होतं. मी ते काढलं नाही.

पुढच्या बाजारी सायकलवाल्यानं ते वाचलं, आपली चिठ्ठी उतरवून खिशात घातली आणि टाचण्या माझ्या तळहातावर ठेवल्या. "घ्या, तुमच्या हायेत."

महिन्याभरानं दोस्त मला म्हणाला, "ते हसवणारं बेणं लिहीनासं झालं का रे? फळ्याला लय मजा होती त्याच्यामुळं."

मी नुसताच हसलो.