टायरची आतली कड

मेट्रन मावशींसमोर 'या वयात' हे दोन शब्द काढायची सोय नव्हती. नवीन पनवेलमधल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी जोगळेकर एकदा पार्किंगमध्ये त्यांना म्हणाले, "या वयात कशाला स्वतः गाडी चालवता, मॅडम? रिक्षा आहेत की." मावशींनी काच पुरती खाली केली. "मग कुठल्या वयात चालवू, जोगळेकर? तिशीत पगार पुरत नव्हता, चाळिशीत नाइट ड्यूट्या होत्या, पन्नाशीत नवरा अंथरुणाला खिळलेला. आत्ता कुठे वेळ मिळालाय. सरका बाजूला." जोगळेकर मुकाट सरकले.

त्यांचं आडनाव आपटेकर. मुंबईच्या एका सरकारी हॉस्पिटलातून मेट्रन म्हणून रिटायर झालेल्या, म्हणून अख्खी सोसायटी त्यांना मेट्रन म्हणायची आणि मी मेट्रन मावशी. कोकणातल्या ज्यू, म्हणजे बेने इस्रायली. "आम्ही आपट्याचे," त्या अभिमानाने सांगायच्या. "घरात तेलाचा घाणा, शनिवारी बंद. म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं." त्यांची भावंडं, भाचरं, एकुलता एक मुलगा सॅमी, सगळी इस्रायलला गेली. मावशी तेवढ्या राहिल्या. का राहिलात म्हणून कुणी विचारलं, तर म्हणायच्या, "तिकडे सगळं आहे गं. पण तिथे मी मराठीतून कुणावर ओरडू?"

त्यांची छोटी पांढरी गाडी ही सोसायटीची खासगी ॲम्ब्युलन्सच होती. कुणाला डायलिसिसला न्यायचंय, कुणाचे टाके काढायचेत, कुणाच्या सुनेला कळा सुरू झाल्यात, की मावशी किल्ली घेऊन हजर. आमच्या वॉचमनच्या बायकोला सिझेरियननंतर त्यांनीच घरी आणलं. ती बिचारी पोटावर हात धरून, जीव मुठीत घेऊन बसली होती. उतरल्यावर म्हणाली, "बाय, तुमची गाडी हाय का होडी? जरा पण हाललं नाय." ही दाद मावशींनी पुढे कितीतरी दिवस जो भेटेल त्याला ऐकवली.

मला गाडी त्यांनीच शिकवली. माझा नवरा मनाचा चांगला, पण शेजारच्या सीटवर बसला की त्याचा दुर्वास व्हायचा. मावशींनी त्याला घरी बसवलं आणि मला म्हणाल्या, "हे बघ, मागच्या सीटवर टाके घातलेला पेशंट आहे असं समजून चालव. बाकी सगळं आपोआप येतं." तसंच शिकले. त्या जिथे ब्रेक मारायच्या तिथे मी मारायची, त्या जिथून वळायच्या तिथून मी वळायची. आजही माझ्या गाडीत कुणाला मळमळत नाही.

तर ह्या गाडीचा पुढचा डावा टायर झिजायला लागला. नीट झिजला असता तर कोण कशाला बोलतंय! पण बाहेरून बघावं तर नक्षी शाबूत, आणि आतल्या कडेला हात फिरवला तर गुळगुळीत. नवा टायर टाकला, तोही काही महिन्यांत तसाच. उजवा मात्र ठणठणीत. जोगळेकरांना हे दिसलं. हा गृहस्थ पार्किंगमध्ये खाली वाकून मोबाइलवर टायरचा फोटो काढतो काय, आणि थेट इस्रायलला सॅमीला पाठवतो काय! मला तर असा संताप आला होता की मी त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

सॅमीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी तिथेच होते. माणूस वाईट नाही तो. आईच्या काळजीने त्याचा चेहरा एवढासा झाला होता. "आई, चाक कुठेतरी आपटतंय तुझ्याकडून. तुला खड्डा दिसत नाहीये. आज टायर गेला, उद्या तू जाशील, नाहीतर दुसरं कुणी जाईल. वीक ती गाडी आणि इकडे ये."

"माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

"मग टायर असा का झिजतो?"

मावशी उसळल्या. "अरे, अलिबागजवळ खंडाळ्याला आपल्या एलियाहू हन्नाबीचा रथ उतरला. त्याच्या चाकाची खूण अजून खडकावर आहे, दरवर्षी आपण तिथे मलिदा घेऊन जातो. नबीला कुणी म्हटलं का, म्हातारा झालास, रथ वीक?"

सॅमी हसला, पण हट्ट सोडेना. आईचाच मुलगा तो. शेवटी ठरलं, की कारण शोधायचं. दोष गाडीचा निघाला तर सॅमीने पुन्हा हा विषय काढायचा नाही. आणि दोष मावशींच्या चालवण्याचा निघाला, तर गाडी विकून त्यांनी कायमचं तिकडे जायचं. "मंजूर," मावशी म्हणाल्या. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ त्या खिडकीतून खाली गाडीकडे बघत उभ्या होत्या. गाडी गेली की पनवेल गेलं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि मलाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टायरचा राउंड सुरू केला. सकाळी चहा घेतला की खाली उतरायचं, चाकाशी उकिडवं बसायचं आणि तळहात आतून बाहेर, बाहेरून आत फिरवायचा. येणारे-जाणारे हसायचे. मावशींना ढिम्म फरक नाही. "हसू दे. वॉर्डातसुद्धा नवे डॉक्टर हसायचे," म्हणायच्या.

एका झगमगीत दुकानात दोनदा व्हील अलाइनमेंट करून झालं. दोन्ही वेळा मशीनमधून कागद आला, सगळे आकडे हिरवे. तिथला टाय लावलेला पोरगा म्हणाला, "मॅडम, गाडी एकदम ओके आहे. तुम्ही जरा आरामात चालवा." मावशींनी तो कागद त्याच्याच खिशात कोंबला. "बाळा, कागदाला ताप नसतो. ताप पेशंटला असतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कण्हणाऱ्या माणसाला घरी पाठवतोस का?"

मग त्यांनी मला कामाला लावलं. "आता तू चालव. त्याच रस्त्यांवर, त्याच फेऱ्या. मी किल्लीला हात लावणार नाही. टायर वाचला तर दोष माझा, झिजला तर गाडीचा." मी महिनाभर ऑफिस सांभाळून फेऱ्या मारल्या, आणि टायर माझ्याही हातून तसाच झिजला! मावशींचा आनंद काय सांगू. मी चाळिशीची, चष्मासुद्धा नाही. "बघा, बघा जोगळेकर," त्या पार्किंगमध्ये ओरडल्या, "हिला पण पाठवा इस्रायलला!"

आता गाडीतला दोष शोधायचा तेवढा उरला होता. आम्ही रोडपालीच्या युनूसभाईंच्या गॅरेजात गेलो. त्यांचंही आधी तेच पालुपद, "खाला, रस्ते खराब आहेत, टायर तर जाणारच." मावशी तिथल्या मोडक्या स्टुलावर ठाण मांडून बसल्या. "जॅक लाव, चाक उचल, दोन्ही हातांनी धर आणि हलव. मशीन नको, हात लाव." युनूसभाईंनी कपाळावर आठ्या घालत चाक उचललं आणि हलवलं. खडखड आवाज आला. ते गाडीखाली गेले आणि जरा वेळाने बाहेर आले ते वेगळाच चेहरा घेऊन. "खाला, खालचा आर्म वाकलाय. बुशही गेलाय. गाडी चालली की चाक आत कलतंय, म्हणून आतली कड खातंय."

"बघ!" मावशींनी माझ्या पाठीत धपाटा घातला.

"पण एका दणक्यात असा वाकत नाही," युनूसभाई म्हणाले. "हे चाक रोज कुठेतरी पडतंय. कुठे पडतंय?"

"कुठेच नाही. मी एकूण एक खड्डा चुकवते."

त्यांना ते पटेना. तात्पुरतं आवळून ते म्हणाले, चला, मी सोबत येतो, तुमच्या रोजच्या रस्त्याने घ्या. मी स्टेअरिंगवर, शेजारी युनूसभाई, मागे मावशी. रोडपाली, कळंबोली, पुढे नवीन पनवेल. एक खड्डा लागला नाही. मावशी मागून विजयाने खाकरत होत्या. आमच्या गेटसमोर जोगळेकरांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला स्पीडब्रेकर आहे, म्हणजे बांधच तो. त्याच्या डाव्या टोकाला पाणी जायला फट सोडलीय. सगळी सोसायटी करते तेच मीही केलं. गाडी डावीकडे दाबली आणि डावं चाक अलगद त्या फटीतून काढलं. मागच्या माणसाला हादरा बसत नाही ना तसा. खालून बारीकसा धप्प आवाज आला.

"हेच!" युनूसभाई ओरडले.

मावशी पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा घे." मी मागे घेऊन पुन्हा तेच केलं. धप्प. बाकीच्या गाड्या दिवसाला एखाद्या वेळी तिथून जायच्या, आमची पेशंट घेऊन सारखी ये-जा करायची. आणि फटीतून चाक काढायची ही युक्ती मला शिकवली कुणी?

"मीच," मावशी म्हणाल्या. "टाके दुखू नयेत म्हणून."

वर गेल्यावर मी त्यांना हळूच सुचवलं, "मावशी, सॅमीदादांना आर्म वाकला एवढंच सांगा ना. खोटं थोडंच आहे ते?" त्यांनी अशी नजर टाकली की मला त्या क्षणी कळलं, त्यांच्या वॉर्डातल्या पोरी चळाचळा का कापायच्या. "चूक लपवणाऱ्या नर्सला मी दुसऱ्या दिवशी कामावर उभी करत नसे," म्हणाल्या, आणि मला तिथेच बसवून सॅमीला फोन लावला. फट, धप्प, टाके, सगळं सांगितलं. काही म्हणजे काही ठेवलं नाही.

सॅमीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे दोष तुझाच होता. आई, आपलं ठरलं होतं."

"ठरलं होतं. आणि दोष माझाच. पण तू म्हणालास मला दिसत नाही. अरे, मला ती फट रोज दिसत होती, नेम धरून चाक घालत होते मी त्यात! ही चूक आहे, म्हातारपण नाही. चूक मी उद्यापासून करणार नाही. आणि त्या चुकीसाठी मी माझं घर सोडणार नाही, जा. शब्द मोडते मी. मोडला शब्द."

"आई..."

"ऐक. ज्या दिवशी मला गाडी चालवता येणार नाही, त्या दिवशी मी थांबेन. मी. तू नाही, जोगळेकर नाही आणि टायर तर नाहीच."

"खरंच थांबशील?" सॅमीचा आवाज अगदी लहान मुलासारखा झाला होता.

"थांबेन," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवून डोळे पुसले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या स्पीडब्रेकर बरोबर मधून घ्यायला लागल्या, इतक्या हळू की मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. कमिटीला सांगून पाहिलं, बांध कमी करा. जोगळेकर म्हणाले, नियमाप्रमाणे आहे. पुढे त्याच जोगळेकरांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. घरी आणायला अर्थात मावशीच. सवयीने ते मागून म्हणाले, "मॅडम, जरा डावीकडून घ्या." मावशी म्हणाल्या, "डावीकडून टायर जातो," आणि मधून घेतली. जोगळेकरांनी जी आरोळी ठोकली ती तिसऱ्या मजल्यावर ऐकू आली. टाके निघायच्या आत बांध फोडून सपाट झाला. मी त्यांच्याशी पुन्हा बोलायला लागले ती त्या दिवसापासून.

युनूसभाईंनी आर्म बदलल्यावर नवा टायर दोन्ही कडांनी सारखा झिजत राहिला. मावशी राउंड घेत राहिल्या. मग एका सकाळी त्या माझ्याकडे आल्या, ओट्यावर गाडीची किल्ली ठेवली आणि पाणी मागितलं.

"शाळेसमोर एक माणूस रस्ता ओलांडत होता. मला उशिरा दिसला."

"अहो, मध्येच आला असेल. लोक कसे चालतात..."

"नाही. तो नीट चालत होता. मला उशिरा दिसला." त्या पाणी प्यायल्या. "लागलं नाही त्याला. पण आता ही तुझ्याकडे. उद्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना ड्रेसिंगला न्यायचंय, विसरू नकोस." मला हुंदका आवरेना. त्या ओरडल्या, "रडतेस काय? कामं पडलीत." पण दार लावून घेताना त्यांचा हात कडीवर जरा रेंगाळला.

गाडी सोडली तरी पनवेल काही सोडलं नाही त्यांनी. माझ्या शेजारी बसून पेशंटांबरोबर यायच्या, आणि अख्खा रस्ता माझ्यावर ओरडायच्या. एका पहाटे झोपेतच गेल्या. त्यांच्यात दफन थांबवत नाहीत. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते ठाण्याहून आणि अलिबागहून धावत आले. सॅमी पोहोचला तो माती देऊन झाल्यावर, थेट कबरीवर. सोसायटीतले, बाहेरचे, त्या मागच्या सीटवर कधी ना कधी बसलेले कितीतरी लोक अजून तिथे उभे होते. ते बघून तो गांगरला. मग मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, आता तरी खरं सांगा. आई फोनवर म्हणाली होती, किल्ली मीच ठेवली. पण ती तुम्ही काढून घेतली होती ना? तिचा मान राहावा म्हणून तुम्ही दोघी तसं म्हणालात ना?"

मला राग आला. त्या जागी, त्या दिवशीसुद्धा आला. "सॅमीदादा, तुमच्या आईच्या हातातून किल्ली काढून घेणारा माणूस पनवेलात तरी जन्मला नव्हता. त्यांना थांबायचं होतं, म्हणून त्या थांबल्या. कुणाला विचारलंसुद्धा नाही."

"म्हणजे हा शब्द पाळला तिने," सॅमी म्हणाला. आणि तो साठीला आलेला माणूस तिथेच ओल्या मातीत बसला आणि मोठमोठ्याने रडायला लागला. मी कुणाला मध्ये जाऊ दिलं नाही.