पायी आलेली लेक

लहानपणीच मला फेफरं येऊ लागलं आणि घरच्यांनी मला ओसरीवर बसवून टाकलं. विहिरीवर जायचं नाही, चुलीपुढं बसायचं नाही. बसून बसून पाय इतके काटकुळे झाले की परसदारी जाऊन आले तरी धाप लागे.

शेवटी वडिलांनी बैलगाडीतून जालन्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर हैदराबादकडचे, वयस्कर. त्यांनी औषधाच्या पुड्या दिल्या आणि मला म्हणाले, "बेटी, रोज चला करो. आहिस्ता. अकेली नहीं, धूप में नहीं, भूके पेट नहीं. और पानी के किनारे बिलकुल नहीं."

"साहेब, रस्त्यात पडली तर?" वडील चाचरले.

"घर में नहीं गिरती क्या? गिरे तो करवट पे लिटाओ. मुँह में कुछ मत डालो."

आमची विधवा आत्या जिभेची तिखट. ती म्हणाली, "मी जाते तिच्या संगं."

सकाळी दूध-भाकर खाऊन आम्ही भोकरदनच्या वाटेला लागायचो. पहिल्या दिवशी पांदीच्या तोंडापर्यंतच गेलो, तिथंच बसलो. बिनकामाचं चालणं गावानं कधी पाहिलेलं नव्हतं.

"पोरीला घेऊन कुठं चालल्या?"

"कुठंच न्हाई. चालून राह्यलो," आत्या ठणकावून सांगायची.

थंडीत एकदा वाटेतच झटका आला. शुद्धीवर आले तेव्हा कुशीवर होते, डोक्याखाली आत्याची घडी केलेली धाबळी. कांदा हुंगवायला आलेल्या एकाला ती हाकलून राह्यली होती. भोवती माणसं बघून मला रडू फुटलं.

"आत्या, आता बस झालं."

"आज बस. अंग हलकं झालं की मंग बघू."

चार दिवस निजून काढले. मंग मीच चपला घातल्या.

पुढल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावी चुलतबहिणीचं लग्न होतं. पहाटेच्या गारव्यात बाया पायी निघाल्या, त्यांच्यात मीही. वडील गाडीतून सारखे मागं वळून बघत होते. मी दमले तिथं झाडाखाली टेकले, पाणी प्याले, पुन्हा उठले. गाडीत बसले नाही.

फेफरं काही गेलं नाही. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी यायचंच. पण त्या दिवशी मांडवाच्या दारात व्याह्यांनी विचारलं, "ही कोण?"

वडिलांनी पागोटं सारखं केलं. भरल्या मांडवात मोठ्यानं म्हणाले, "माझी लेक. घरापासून पायी आली."